हिवाळी कुंड्यांचा बाजार: तालुक्याच्या नर्सरीत काय घ्यावं, काय तिथंच ठेवावं

दसरा आटोपला की तालुक्याच्या रस्त्याकडेच्या नर्सऱ्यांत एकदम रंग उतरतो. हिरव्या जाळीखाली पेटुनिया, शेवंती, झेंडू, डायंथस, साल्व्हिया यांच्या रांगा लागतात. बाजाराच्या दिवशी तोच माल हातगाडीवर आणि छोट्या टेम्पोतून गावोगाव फिरतो. कुंड्या, खत, कोकोपीट मात्र एका जागी मिळत नाही. काही नर्सरीत, काही कृषी केंद्रात, काही प्लास्टिकच्या दुकानात. या सगळ्या मालाचं हे परीक्षण आहे. कुठल्या एका दुकानाचं नाही, कारण यवतमाळपासून गोंदियापर्यंत तालुक्याच्या ठिकाणी मिळणारा माल जवळपास सारखाच असतो, फरक असतो तो दहा-पाच रुपयांचा.

निकाल आधीच सांगून टाकू: फुललेली कुंडी घेऊ नका, बिनफुलाचं लहान रोप घ्या, आणि वाचलेला पैसा कुंडीत भरायच्या मिश्रणावर घाला.

आपला हिवाळा किती दिवसांचा, हे आधी पाहिलं पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी २८ अंशांच्या आसपास आणि पहाटे १०-१२ अंश, असं साधारण चालतं. कधीतरी लाट येते आणि पारा फारच खाली जातो. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. पण फेब्रुवारी संपता संपता ऊन चटकायला लागतं आणि मार्चच्या मध्यापर्यंत बहुतेक हिवाळी फुलं आटोपतात. रोप लावल्यापासून कुंडी भरून फुलायला दीड ते दोन महिने जातात. म्हणजे दसरा-दिवाळीच्या दरम्यान लावलेलं रोप डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्ण हंगाम देतं, आणि डिसेंबरच्या शेवटी लावलेलं रोप फुलावर येतं न येतं तोच उन्हाळा लागतो. जानेवारीत नर्सरीवाले ट्रे अर्ध्या भावात काढतात. तो स्वस्त माल आपल्याकडे खरं तर महागच पडतो.

रोपं: चार प्रकारचा माल

पहिला प्रकार फुललेल्या कुंडीचा. चार-पाच इंची काळी पातळ कुंडी, वर गच्च फुलं, दिवाळीत भाव साधारण ४० ते ८० रुपये. हे रोप जाळीखाली, रोजच्या खतपाण्यावर वाढलेलं असतं. घरी ओट्यावर आलं की थेट ऊन, कोरडी हवा, आणि मुळांना तर आधीच जागा उरलेली नसते. कुंडी उपडी करून पाहा: मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली दिसतील. आहेत त्या कळ्या उमलतात, पंधरा-वीस दिवस छान दिसतं, मग नवी कळी येत नाही. ज्यांना फक्त दिवाळीपुरतं दाराशी रंग हवा आहे त्यांनी खुशाल घ्यावी, पण ती गुलदस्ता समजून घ्यावी.

शेवंतीचं थोडं वेगळं आहे. कुंडीतली बुटकी, घुमटासारखी शेवंती ही वाढ रोखणारं औषध देऊन तशी केलेली असते. पुढच्या वर्षी त्याच झाडाची फांदी लावली तर ती दीड-दोन फूट वाढते आणि आडवी पडते. यात फसवणूक नाही, मालाचा गुणच तसा. उन्हाळाभर सावलीत सांभाळून पुढच्या हंगामाला वापरायची असेल तर जून-जुलैत फांद्या लावा आणि ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडत राहा. एक गोष्ट मात्र फार कमी नर्सरीवाले सांगतात: शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. अंगणात रात्रभर जळणाऱ्या एलईडी बल्बखाली किंवा रस्त्यावरच्या खांबाच्या उजेडात ठेवलेली शेवंती नुसती पानं काढत बसते. पॉइन्सेटियाची लाल पानंही याच कारणानं हिरवीच राहतात.

दुसरा प्रकार ट्रेमधल्या रोपांचा, आणि हाच खरा घेण्यासारखा. मिरची-टोमॅटोची रोपं ज्या ९८ किंवा १०४ खणांच्या ट्रेमध्ये मिळतात त्यातच ही वाढवलेली असतात. भाव साधारण ५ ते १५ रुपये. घेताना एक रोप खालून दाबून वर काढून दाखवायला सांगा. नर्सरीवाला कुरकुरेल, पण दाखवेल. मुळं पांढरी आणि कोकोपीटचा गोळा न फुटता निघाला पाहिजे. मुळं तपकिरी असतील तर रोप ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलेलं आहे. चार ते सहा खरी पानं, बुंध्याजवळ फुटवे, एकही फूल नको. उंच, लेचंपेचं, एका बाजूला कललेलं रोप सोडून द्या. अपवाद झेंडूचा: त्याच्या खोडालाही मुळं फुटतात, त्यामुळे उंच झालेलं रोप खोल लावलं तर सावरतं. पेटुनियाला हा उपाय करू नका, मान मातीत गेली की ती सडते.

तिसरा प्रकार पिशवीतल्या रोपांचा. गाडीवर येणाऱ्या मालात आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमकडची रोपं बरीच असतात. ती चिकट तांबड्या मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. हा गोळा वाळला की दगडासारखा होतो आणि मग कुंडीत कितीही पाणी घाला, ते गोळ्याच्या बाजूनं वाहून जातं, आत मुळं कोरडी. गुलाब, जास्वंद, क्रोटन अशी झुडपं असतील तर गोळा तासभर पाण्यात भिजवा, बाहेरची निम्मी माती अलगद धुऊन काढा, मग लावा आणि आठ दिवस सावलीत ठेवा. हंगामी फुलझाडांची मुळं मात्र अशी धुऊ नका, ती नाजूक असतात. गोळा भिजवून चहूबाजूंनी काडीनं चार-पाच भोकं पाडली तरी पुरे.

चौथा प्रकार बियांची पाकिटं. पाकिटावर तपासणीची तारीख, वैधता आणि उगवणशक्तीची टक्केवारी छापलेली नसेल तर घेऊ नका, मग वर फोटो कितीही देखणा असो. कॅलेंड्युला, नॅस्टर्शियम, फ्लॉक्स आणि झेंडू ही घरी बियांपासून करण्याजोगी. नॅस्टर्शियमचं बी रात्रभर भिजवून थेट कुंडीत सेंटिमीटरभर खोल टोबावं. पेटुनियाचं बी मात्र घेऊ नका. एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार बिया बसतात, त्या मातीनं झाकायच्या नसतात, उजेडातच उगवतात, आणि झारीच्या एका जोरदार धारेनं वाहून जातात. तिथं दहा रुपयांचं रोपच परवडतं. संकरित रोपांचं बी धरून पुढच्या वर्षी तोच रंग मिळेल अशी आशाही ठेवू नये.

कोणतं झाड पैसे वसूल करतं

डायंथस पहिल्या नंबरावर. थंडीची लाट सोसतं, फेब्रुवारीचं ऊनही बऱ्यापैकी सोसतं, उंची बेताची, काठीचा आधार नको. दहा इंची कुंडीत तीन रोपं लावावी. फुलांचा बहर संपला की कात्रीनं वरचा तिसरा भाग कापून खत दिलं की तीन-चार आठवड्यांत दुसरा बहर येतो.

पेटुनिया रंगाच्या बाबतीत सगळ्यांत पुढं, पण दोन जातींत फरक करा. मोठ्या, झालरीच्या फुलांची जात पहाटेच्या दवानं ओल्या कागदासारखी लोळते. लहान पण भरपूर फुलांची जात दुपारपर्यंत पुन्हा उभी राहते. आपल्याकडे नदीकाठच्या आणि धरणाजवळच्या गावांत धुकं-दव जास्त, तिथं लहान फुलांचीच घ्यावी. सहा पानांवर शेंडा खुडला नाही तर एकच लांब दांडी वाढते आणि टोकाला चार फुलं येतात. हा शेंडा खुडायला लोकांचा हात होत नाही, आणि मग जानेवारीत रोपवाल्याला दोष दिला जातो.

झेंडूमध्ये हाराचा मोठा, उंच झेंडू कुंडीसाठी घेऊ नका. फुलाच्या भारानं मोडतो. बुटका, तांबूस-पिवळ्या ठिपक्यांचा फ्रेंच झेंडू आठ इंची कुंडीतही खूश असतो. कॅलेंड्युला स्वस्त आणि टिकाऊ, केशरी-पिवळा रंग थंडीत झकास. साल्व्हियाचा लाल रंग दुरून दिसतो, पण लाटेच्या रात्री पानं काळवंडतात, म्हणून छपरीजवळ ठेवावा. डॉग फ्लॉवर उंचीसाठी एखादं मध्यभागी हवंच. कडेला स्वीट ॲलिसम लावलं की पांढरी किनार मिळते आणि मधमाशा येतात.

पॅन्सीवर पैसे घालू नका असंच सांगावं लागेल. फोटोत ती सगळ्यांत सुंदर, पण दुपारचं तापमान २५ च्या वर गेलं की तिचं फूल दरवेळी लहान होत जातं. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात ती रमेल. वर्धा-वाशीमच्या ओट्यावर तिला पूर्वेकडचं सकाळचं ऊन आणि दुपारी सावली दिली तर डिसेंबर-जानेवारी असे दोन महिने फार तर काढते.

डेलिया घ्यायचा तर बारा इंची कुंडी, एका कुंडीत एकच रोप, आणि लावतानाच तुराटीचा किंवा बांबूचा आधार. नंतर काठी खोचली की कंद फुटतो. गझानिया उशिरा, फेब्रुवारीत रंगात येतो आणि फक्त कडक उन्हातच फूल उघडतो. इतर कुंड्या थकत असताना तो चालू असतो, म्हणून दोन कुंड्या असाव्यातच. क्रोटन आणि कोलियस पानांच्या रंगासाठी लोक याच दिवसांत घेतात. दोन्ही उष्ण हवेतली झाडं. पारा १० च्या खाली गेला की कोलियस माना टाकतं आणि क्रोटन पानं गाळतं. ती पावसाळ्यात घ्या.

रंगाचं म्हणाल तर भिंत आधी बघा. गावाकडच्या निळसर चुन्याच्या भिंतीपुढं केशरी आणि पिवळं फूल उठून दिसतं, जांभळी पेटुनिया तिथं हरवते. पांढऱ्या किंवा विटांच्या उघड्या भिंतीपुढं उलट. सहा कुंड्यांत सहा रंग केले की बाजार भरल्यासारखं दिसतं. दोन रंग आणि एक पांढरा पुरतो.

कुंडी

कुंभाराकडची मातीची कुंडी मुळांसाठी अजूनही सगळ्यांत चांगली. तिच्या अंगातून पाणी उडतं, मुळं थंड राहतात, जास्त पाणी झालं तरी झाड वाचतं. त्रास दोनच: फेब्रुवारीत रोज पाणी लागतं, आणि कोंबड्या-बकऱ्यांच्या धक्क्यानं फुटते. घेताना बोटाच्या पेरानं वाजवून पाहा, खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला तर भाजणी कच्ची किंवा तडा आहे. लावण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर कोरडी कुंडीच पहिलं पाणी पिऊन टाकते.

प्लास्टिकच्या कुंड्यांत रंगीत, चकचकीत, पातळ कुंडी घेऊ नका. एक उन्हाळा अंगणात राहिली की काठ हातात तुटून येतो. जाड काळी किंवा विटकरी रंगाची घ्या. बहुतेक कुंड्यांच्या तळाला भोकांच्या फक्त खुणा असतात, भोकं आपण पाडायची असतात. हे न केल्यामुळं दर हिवाळ्यात किती झाडं बुडून मरतात त्याची गणती नाही. तापवलेल्या गजानं करंगळीएवढी चार-पाच भोकं पाडा. वर खापराचा तुकडा पालथा ठेवा. तळाशी गिट्टीचा जाड थर देण्याची पद्धत सोडून द्या, त्यानं निचरा वाढत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते.

सिमेंटची कुंडी टिकते, पण नवी असताना चुना सोडते. आठवडाभर पाण्यानं भरून ठेवा, दोन-तीनदा पाणी बदला, मग वापरा. ग्रो बॅग १२ बाय १२ इंची, दोनशे जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला ग्रॅम, पिशवीच्या जाडीचं माप) जाड असेल तर पैशाच्या मानानं उत्तम माल. फक्त भरल्यावर उचलता येत नाही. तेलाचा पत्र्याचा डबा फुकट असतो खरा, पण दुपारी बाजूचा पत्रा तापून त्या बाजूची मुळं भाजतात. वापरायचाच तर बाहेरून चुना मारा आणि ओळीत मागं ठेवा.

आकाराबद्दल कंजूषी नको. सहा इंची कुंड्या दिसायला छान आणि स्वस्त, पण फेब्रुवारीच्या दुपारी दोनदा वाळतात. हंगामी फुलांना कमीत कमी आठ इंची, शक्यतो दहा इंची.

मिश्रण: पैसा इथं घाला

आपल्या वावरातली काळी माती कपाशीला सोनं, कुंडीत मात्र संकट. ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. कुंडीत ती वाळली की काठापासून सुटते, मधे बोटभर फट पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ तळाच्या भोकातून बाहेर, आणि आपल्याला वाटतं झाड भरपूर प्यालं. उलट रोज थोडं थोडं पाणी दिलं तर ती चिखल होऊन राहते, मुळांना हवा मिळत नाही. त्यात बारीक रेती मिसळली तर आणखी वाईट: दोन्ही मिळून वीट तयार होते. रेती घालायची तर जाड, खरखरीत, धुतलेली.

नर्सरीत मिळणारी तयार ‘कुंडीची माती’ पोत्यानं विकली जाते. मूठभर ओली करून दाबा. लाडू वळला आणि टिचकीनंही फुटला नाही तर ती काळी किंवा चिकट माती आहे, वरून शेणखताचा रंग दिलेला. टिचकीनं मोकळी झाली तर घ्या. बहुतेक ठिकाणी पहिलाच प्रकार असतो, त्यामुळे स्वतः मिसळणं बरं.

दहा लिटरच्या बादलीनं मोजायचं प्रमाण असं: भिजवलेलं कोकोपीट दोन बादल्या, गांडूळखत एक बादली, जाड रेती एक बादली, चाळलेली लाल किंवा गाळाची माती एक बादली. काळीच माती असेल तर ती अर्धी बादली आणि अर्धी बादली कोकोपीट वाढवा. त्यात निंबोळी ढेप पाव किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट शंभर ग्रॅम. एवढ्यात दहा इंची साधारण सहा कुंड्या भरतात. भंडारा-गोंदियाकडं रेतीऐवजी राईस मिलचं अर्धवट जळलेलं तूस वापरा, हलकं आणि निचऱ्याला फार चांगलं, शिवाय मिलवर जवळपास फुकट मिळतं. मिश्रण ओलसर करून आठ दिवस सावलीत झाकून ठेवा, मग भरा. काठापासून दीड इंच जागा पाण्यासाठी मोकळी हवी.

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजल्यावर साठ-सत्तर लिटर होते, तिला साधारण पंचवीस लिटर पाणी लागतं. स्वस्त विटेत मीठ जास्त असतं, कारण नारळाच्या काथ्यात ते मुळातच असतं आणि धुलाईचा खर्च वाचवलेला असतो. पाकिटावर ‘कमी ईसी’ (ईसी म्हणजे विद्युतवाहकता, क्षारांचं माप) किंवा ‘धुतलेलं’ लिहिलेलं असलं तरी गोणपाटात घालून दोनदा पाणी ओतून निथळू द्या. हे न करता लावलेल्या रोपांच्या पानांच्या कडा पहिल्याच पंधरवड्यात करपतात आणि लोक त्याला रोग समजून औषध मारतात.

गांडूळखत चहापत्तीसारखं दाणेदार, वास नसलेलं हवं. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी रेती-मातीचा जाड थर बसला तर भेसळ आहे. पोतं फार जड असेल तर आपण पाण्याचे पैसे देत आहोत. बऱ्याच गावांत बचत गट गांडूळखत करतात, तिथं डोळ्यांसमोर चाळून मिळतं, तेच घ्यावं.

घरचं शेणखत वर्षभर कुजलेलं असेल तर गांडूळखताऐवजी चालेल. उकिरड्यावरचं ताजं-अर्धं कुजलेलं खत कुंडीत घालू नका. त्याची उष्णता मुळं भाजते, आणि त्यात हुमणीसारख्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या येतात. मोठ्या वावरात त्या कळत नाहीत, दहा इंची कुंडीत दोन अळ्या आठवड्यात मुळं फस्त करतात. झाड दुपारी सुकतं, पाणी घातलं तरी उठत नाही, आणि ओढलं तर हातात येतं.

पाणी

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या वाचकांनी आधी हा भाग वाचावा. बोअरचं पाणी कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या. ईसी मीटरला ०.७ डेसीसायमनच्या आत असेल तर बिनधास्त वापरा. ०.७ ते ३ च्या मधे असेल तर महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी ओतून क्षार धुऊन काढा. ३ च्या वर असेल तर त्या पाण्यावर पेटुनिया-पॅन्सीचा नाद सोडा, नळयोजनेचं पाणी मिळत असेल तर तेच द्या, नाहीतर गझानिया आणि चिनी गुलाब (पोर्तुलाका) लावा. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी साय धरली की क्षार साठले समजा. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी ‘फुकट आहे’ म्हणून कुंडीला घालणारे बरेच आहेत. मशीननं पिण्याच्या पाण्यातून काढलेलं मीठ सगळं त्यातच असतं.

खारट नसलं तरी बहुतेक विहिरींचं पाणी जड, चुन्याचं. त्यानं मिश्रणाचा सामू (पीएच) वाढतो आणि झाडाला लोह उचलता येत नाही. वरची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या: पेटुनियात हे सर्वांत आधी दिसतं. युरिया देऊन हा पिवळेपणा जात नाही. कृषी केंद्रात लोहाचं चिलेट मागताना ‘ईडीडीएचए’ असं लिहिलेलं घ्या. ‘ईडीटीए’ स्वस्त असतं, पण चुनखडीच्या मातीत मुळांवाटे दिलं तर टिकत नाही; ते पानांवर फवारण्यापुरतं ठीक.

डिसेंबरमध्ये दोन-तीन दिवसांआड, फेब्रुवारीत रोज, हा नुसता अंदाज. बोट पेरभर खुपसून पाहा, कोरडं लागलं तरच द्या. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, मुळाशी. संध्याकाळी पानांवर झारी फिरवली की रात्रभर पानं ओली राहतात आणि बुरशीचे रोग येतात. वरून सोयाबीनच्या कुटाराचा बोटभर थर दिला तर फेब्रुवारीत पाणी बरंच वाचतं, फक्त बुंध्यापासून दोन इंच दूर ठेवा.

खतं, औषधं

१९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, दहा दिवसांतून एकदा, दहा इंची कुंडीला अर्धा लिटर. कळ्या दिसल्या की एकाआड एक वेळ १३:०:४५ त्याच मापानं. कोरड्या मातीत खत देऊ नये, आदल्या दिवशी पाणी द्यावं. सहा कुंड्यांना एका वेळी सहा ग्रॅम लागतं, म्हणजे एक किलोची पिशवी कित्येक हंगाम संपणार नाही आणि मधेच ओल धरून दगड होईल. संत्र्याच्या किंवा कपाशीच्या ठिबकला सोडायला कुणीतरी शेजारी ते आणतोच, त्याच्याकडून शंभर ग्रॅम मागून घ्या. ‘फूल वाढवणारं टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर तिथंच ठेवा. नॅस्टर्शियमला मात्र यातलं काही देऊ नका. जास्त खाल्लं की पानांचं जंगल, फूल शोधावं लागतं.

वाळलेलं फूल देठासकट खुडणं हे कुठल्याही खतापेक्षा जास्त काम करतं. बी धरायला लागलं की झाड फुलं थांबवतं.

किडींत सगळ्यांत मोठी आपल्या वावरातूनच येते. डिसेंबर-जानेवारीत तुरीवर आणि हरभऱ्यावर घाटेअळी असते, तिचा पतंग रात्री अंगणात येतो. झेंडू-कॅलेंड्युलाच्या कळीला गोल भोक आणि खाली हिरवट-काळी लेंडी दिसली की तीच. सहा-आठ कुंड्यांना फवारणी कशाला? सूर्य मावळल्यावर टॉर्च घेऊन वेचा. माव्यासाठी पाण्याची जोरदार धार, मग १५०० पीपीएमचं निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी. रोपं लावल्या लावल्या बुंध्याशी मऊ होऊन कोसळत असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम मातीत ओता आणि पाणी निम्मं करा.

शेतातला फवारणी पंप फुलांना वापरू नका. त्यातून तणनाशक मारलेलं असेल तर दोनदा धुतला तरी नळीत आणि वॉशरमध्ये अंश उरतो. टू-फोर-डीचा अगदी थोडा अंशही पेटुनियाची पानं दोरीसारखी पिळतो, आणि त्याला उपाय नाही. शंभर-दीडशे रुपयांचा दोन लिटरचा वेगळा हातपंप घ्या. शेजारच्या वावरात तणनाशकाची फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या दिशेच्या कुंड्या तेवढा वेळ घरामागं नेऊन ठेवा.

फेब्रुवारी-मार्चची अवकाळी गारपीट आपल्याला नवी नाही, २०१४ ची अजून कास्तकारांच्या बोलण्यात असते. ढग काळे-पांढरे, उभे चढायला लागले की कुंड्या छपरीत ओढाव्या. म्हणून बारा इंचापेक्षा मोठी कुंडी घेताना ती कोण उचलणार, हा विचार आधी करावा.

मार्च लागला की पेटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स उपटून टाका, त्यांना पाणी पाजत बसण्यात अर्थ नाही. डायंथस अर्धा कापून सावलीत नेला तर कधी कधी उन्हाळा काढतो. शेवंती चार बोटं ठेवून छाटा आणि कडुनिंबाखाली ठेवा, बुंध्याशी फुटणारे पिल्ले पुढच्या हंगामाचं बियाणं. डेलियाची पानं पिवळी पडली की पाणी बंद करा, पंधरा दिवसांनी कंद देठासकट काढा, दोन दिवस सावलीत वाळवा आणि कोरड्या रेतीत, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. देठाचा तुकडा तुटला तर त्या कंदाला डोळा राहत नाही. रिकाम्या कुंड्यांतलं मिश्रण ओतून आठ दिवस मार्चच्या उन्हात पसरा, मुळं वेचून काढा, बादलीभर मिश्रणाला दोन मुठी नवं गांडूळखत मिसळा आणि त्यात चिनी गुलाबाच्या बोटभर फांद्या खोचा. त्या दहा-बारा दिवसांत धरतात आणि पावसाळ्यापर्यंत फुलत राहतात.